डोक्याला हात

प्रिय शेंडेफळ,

तुझा निरोप मिळाला. 'ताई, भिंगरीला माझ्याकडे पाठव, सोनं करते पोरीचं.' बस्, एवढाच. कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही. विंडसर्फिंगच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक बाई झाल्यापासून तुला शिट्टी वाजवूनच बोलायची सवय लागली आहे. माझी एकुलती एक लेक मागितलीस, आणि तीसुद्धा अशी, की शेजारणीकडून शिडी मागावी. तिला तुझ्या हवाली करायचं की नाही, हे मी कधीपासून डोक्यात घोळवते आहे. हो किंवा नाही, एवढं फोनवर सांगता आलं असतं म्हणा. पण फोनवर मी जरा मुद्द्यावर आले की तुझ्याकडे नेमकं कुणीतरी भेटायला येतं. कागदाला 'थांब हं ताई, नंतर करते' असं म्हणता येत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. बसून वाच. चालता चालता वाचू नकोस.

आधी घरच्या बातम्या, म्हणजे तू विचारलं असतंस असं धरून चालू. आई बरी आहे. ऐकायला कमी येतं, पण तिला हवं ते बरोबर ऐकू येतं. पेपरात तुझा फोटो आला की भिंग लावून बसते आणि म्हणते, किती बारीक झाली गं माझी पोर. तू मुळीच बारीक झालेली नाहीस, पण मी कशाला बोलू? भिंगरीचे बाबा बोटीवर आहेत, पावसाळ्याआधी काही येत नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुम्ही दोघी बहिणी काय ते ठरवा, मला मध्ये घेऊ नका. शहाणा माणूस. शेडवर नवीन पत्रा घातला. पुढे शिडाचे बोर्ड उभे केलेले, मागच्या खोलीत माझं मशीन आणि ते लांबच लांब टेबल, सगळं तसंच आहे. फाटलेली शिडं येतात, मी शिवते. डाव्या हाताने कापड सरकवते, उजव्याने जमेल तेवढं धरते. तो खांद्याच्या वर जात नाही हे तुला माहीत आहेच. ओल्या शिडांच्या वासाने खोली कायम कोंदलेली असते आणि गिऱ्हाईक म्हणतं, बाई, तुमच्या हातची शिवण फाटत नाही. फाटत नाही खरी. फाटलेलं शिवायची सवय झाली आहे मला.

खाडीकाठी काचेच्या आणखी दोन उंच इमारती आल्या. आधीच ही खाडी सरळ बाईमाणूस नव्हती, आता तर तिला चेवच आला आहे. समुद्रावरून वारा नीट येतो, त्या इमारतींवर आपटतो, एका फटीतून दुप्पट होऊन अंगावर येतो आणि चार हात पुढे गेलं की गायब. पुलाखालचा वाऱ्याचा खड्डा तर तसाच आहे, तिथे शीड अचानक मरतं. आणि ओहोटी लागली की सगळ्या खाडीचं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पळत सुटतं. वारा आत ढकलतो, पाणी बाहेर ओढतं आणि मध्ये आपण. आठवतं ना, बाबा शेडच्या दारात उभे राहून कसे ओरडायचे? 'पाणी फिरलंऽऽ!' ते ऐकलं की खाडीतल्या सगळ्यांनी निमूट परतायचं. घरीसुद्धा आपला पत्त्यांचा डाव रंगात आला की तेच ओरडायचे. लोकांच्या घरी एखाद्या गोष्टीवर पाणी फिरलं म्हणजे ती वाया गेली. आपल्या घरी पाणी फिरलं म्हणजे गाशा गुंडाळा आणि जेवायला चला. आणि त्यांचा दुसरा नियम: जोडीनं जायचं, जोडीनं यायचं. एकटी काठावर आली तर तिला टॉवेलसुद्धा द्यायचा नाही, असं ते आईला बजावायचे. तू माझी जोडी होतीस. मला दुसरी जोडी कधी मिळाली नाही, मी शोधलीही नाही.

शेडच्या भिंतीवर बाबांनी ऑइलपेंटनं माणसं रंगवली, तो दिवस आठव. पाण्यातल्या खुणा. एक माणूस दोन्ही हात वर करून हलवतोय, म्हणजे मदत पाठवा. दुसऱ्याने एक हात डोक्यावर ठेवलाय, म्हणजे मी ठीक आहे, काळजी नको. जगभर पाण्यात ही खूण चालते, असं बाबांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तू तेव्हा एवढीशी. कमरेवर हात ठेवून त्यांच्या चित्राकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, 'बाबा, हा ठीक कसला? याची तर वाट लागलीय!' कारण आपल्या घरात डोक्याला हात कोण लावायचं? आई. दूध उतू गेलं की डोक्याला हात. तुझं प्रगतिपुस्तक आलं की डोक्याला हात. न सांगता पाहुणे आले की आधी डोक्याला हात आणि मग तोंडभर या या. बाबा इतके हसले की रंगाचा ब्रश वाळूत पडला. पण चित्र त्यांनी बदललं नाही. जगाची खूण ती जगाची, म्हणाले. आपण दोघींनी मात्र त्याच दिवशी, शेडच्या मागे, बोर्डांच्या आडोशाला ठरवून टाकलं. जगाला 'ठीक आहे', आपल्याला 'वाट लागली, धावत ये'.

किती वर्षं चालवली गं आपण ती खूण! शाळेच्या मैदानात तू रांगेतून डोक्यावर हात ठेवलास, की मी बाईंना पोट दुखतंय सांगून तुझ्याकडे यायची. तुझी चड्डी फाटलेली असायची नाहीतर कुणाशी तरी मारामारी झालेली असायची. दातांच्या डॉक्टरकडे त्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून तू डोक्यावर हात ठेवलास, डॉक्टर म्हणाले वा, शूर मुलगी, आणि मी बाहेरून भोकाड पसरलं म्हणून त्यांना थांबावं लागलं. पाण्यातसुद्धा. एकदा तुझ्या बोर्डाखालच्या फिनच्या पात्याला शेवाळाचा गुंता बसला आणि फेरी बोट समोरून येत होती. काठावरच्यांना वाटलं, धाकटी मजेत बसली आहे. मी निम्म्या वाटेतून वळले. तू रडत होतीस आणि मी येईपर्यंत तू डोक्यावरचा हात काढला नव्हतास. मी तुला शिव्या घातल्या, खूप घातल्या. पण प्रत्येक वेळी आले. न आलेली एक वेळ तुला आठवत असेल तर कळव.

आता तुझं गेल्या महिन्यातलं भाषण. आमच्या खाडीवर चाचणीसाठी आलीस, हॉटेलात उतरलीस, आईच्या पाया पडायला पाच मिनिटं घरी आलीस, ते सगळं सोडून दे. शेडपुढे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, प्रशिक्षक बाईंची मोठी बहीण म्हणून. तू माइक घेतलास. पोरं तोंडाचा आ करून ऐकत होती. आणि तू म्हणालीस, 'याच खाडीत, निवडीच्या शर्यतीत, माझी ताई माझ्या पुढे होती. तिला लागलं. आपण वाहून जातोय हे तिला दिसत होतं, तरी तिनं मला हात केला, तू जा, तू जिंक. त्या हातामुळे मी आज इथे आहे.' टाळ्या पडल्या. माझ्याकडे बोट दाखवलंस. मी काय करणार होते? हसले. इतकी वर्षं मी मूग गिळून होते, पण निदान तू 'ठीक आहे' यावर थांबली होतीस. आता त्या हाताला तू माझा आशीर्वाद करून टाकलंस. माझ्या शेजारी बसून भिंगरी टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'आई, तू किती भारी आहेस, आणि कधी बोलली नाहीस!' बाई गं, माझ्या जिवाचं काय झालं असेल ते तुला कळणार नाही.

तर आता तो दिवस मी सांगते, एकदाच. तू मध्ये बोलू शकणार नाहीस हे बरं आहे. सकाळी वारा पडलेला होता म्हणून शर्यत लांबत गेली. सुटलो तोवर पाणी फिरायला आलं होतं. बाबा दारात येरझाऱ्या घालत होते, पण शर्यत त्यांची नव्हती, त्यांचं ओरडणं कोण ऐकतंय? संघात एकच जागा होती. पुलाच्या बाहेरच्या तरंगत्या बोयाला वळसा घालून परत येताना मी पहिली होते, तू माझ्या मागे दुसरी. तिसरी कुठे दिसतसुद्धा नव्हती. पुलाजवळ तेव्हाच्या दोन जुन्या इमारतींच्या फटीतला झोत आला, शिडाचा दांडा माझ्या हातातून हिसकावला गेला आणि मी अशी आपटले, की उजवा खांदा निखळलेला मला ऐकू आला. शीड पाण्यात, मी बोर्डावर कशीबशी बसलेली, उजवा हात लोंबकळतोय. दोन्ही हात वर करायचे कसे? मी ओरडले, पण वर पुलावर ट्रक धडधडत होते आणि वारा माझ्याकडून तुझ्याकडे नाही, तुझ्याकडून माझ्याकडे होता. मग तू जवळ येताना दिसलीस आणि माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला गं. मी डावा हात उचलला आणि डोक्यावर ठेवला.

लांबच्या माणसाला ती खूण 'ठीक आहे' अशी दिसली असणार. पण मी ती लांबच्या माणसासाठी केलीच नव्हती. तू लांब नव्हतीस. तुझ्या शिडाच्या कोपऱ्यात मी निळा दोरा संपला म्हणून हिरव्याने शिवलं होतं, तो हिरवा टाका मला दिसत होता, इतकी तू जवळ होतीस. तू माझ्या हाताकडे बघितलंस. मग माझ्या तोंडाकडे बघितलंस. आणि मग तू पुढे बघितलंस. पुलाखालच्या खड्ड्यात जरा जरी वेग सोडला तर आपणही वाहून जाणार, हे तुला माहीत होतं, कबूल. पण पुलाच्या खांबांना त्या लोखंडी कड्या कशासाठी आहेत? दोघींनी एक कडी धरून बसायचं आणि मदतीची वाट बघायची, हे बाबांनी आपल्याला तिथे नेऊन, कडी हातात देऊन शिकवलं होतं. मला एका हाताने बोर्ड सोडून कडी धरता येईना. दुसरा हात तुझा असता तर धरली असती. शर्यत गेली असती, दोघींचीही. एवढंच झालं असतं. तू वाकून दांडा घट्ट धरलास आणि निघून गेलीस, आणि मला ओहोटीने पुलाखालून बाहेर काढलं.

खाडीच्या तोंडाबाहेर, बंदराच्या दगडी बांधापलीकडे मला एका टगबोटीने उचललं तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता. त्या बोटीवरच्या तांडेलाने मला घोंगडीत गुंडाळलं आणि विचारलं, तुमच्याबरोबर कुणी नव्हतं का? मी नाही म्हटलं. खांदा इतका वेळ तसाच राहिला होता की आतली नस गेली. डॉक्टर म्हणाले, लगेच बसवला असता तर काही झालं नसतं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. खांद्याचं मी केव्हाच पचवलं. बोर्डावर पुन्हा चढता आलं नाही, तेही पचवलं. संघातली जागा तर तुला मिळाली, म्हणजे घरातच राहिली, असं मी लोकांना हसून सांगत आले.

पण बाबांचं मला पचलं नाही. तू काठावर आलीस तेव्हा आई टॉवेल घेऊन उभी होती आणि बाबा दुर्बीण लावून. त्यांनीही मला बघितलं होतं, पुलाजवळ, डोक्यावर हात ठेवलेली. त्यांची स्वतःची खूण, त्यांनी स्वतः भिंतीवर रंगवलेली. तरी त्यांना चैन पडेना म्हणून त्यांनी तुला विचारलं, 'ताई कशी आहे गं?' आणि तू म्हणालीस, 'ठीक आहे म्हणून हात केला तिनं.' हे मला आईनं सांगितलं, तू नाही. तेव्हा मदतीची बोट धक्क्याला लागलेलीच होती. शर्यत तू जिंकली होतीस, नाव पुकारून झालं होतं, आता तुझं काही जाणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तुझ्या शब्दावर बाबांनी बोटवाल्याला सांगितलं, माझी मुलगी बरी आहे, तुम्ही त्या पलीकडे अडकलेल्या पोरांना आणा. आणि त्या टॉवेलचं म्हणशील तर आईने तो तुझ्या खांद्यावर टाकला.

त्या दिवसापासून त्या माणसाने दुर्बिणीला हात लावला नाही. भिंतीवरचं ते डोक्यावर हात ठेवलेलं चित्र पात्याने खरवडून काढलं, नखं रक्ताळेपर्यंत. मी मशीनवर बसले की दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, 'मला वाटलं तू ठीक आहेस गं. मीच बोट दुसरीकडे पाठवली.' दर दोन दिवसांनी तेच. मी म्हणायची, बाबा, चुकतं माणसाचं. आणि प्रत्येक वेळी तुझ्याकडे बघायची, कारण तू तिथेच असायचीस, बोर्ड घासत नाहीतर बॅग भरत. वाट बघायची की आता बोलशील, आता बोलशील. मी बोलले असते तर त्यांची एक मुलगी त्यांच्या मनातून कायमची उतरली असती. तू बोलली असतीस तर रडले असते, दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी तुझं शीड उन्हात वाळत घातलं असतं. तुला आपले बाबा माहीत नव्हते का? शेवटच्या आजारपणातही ते वाक्य त्यांच्या तोंडी होतं. तू उशाशी बसून त्यांचा हात धरला होतास. तेव्हाही तू गप्प होतीस. मला वाऱ्यावर सोडलंस त्याला शर्यत तरी होती, त्यांना कशासाठी सोडलंस?

तू म्हणशील, ताई, मी घाबरले होते. किंवा म्हणशील, मला खरंच वाटलं, पाण्यात जगाचीच खूण धरायची. मी तुझ्या बाजूने सगळं बोलून बघितलंय, माझ्याइतकी चांगली वकील तुला मिळणार नाही. मी स्वतःला तुझ्या जागीही ठेवून बघितलं. मीही तुला मनात हजार शिव्या दिल्या असत्या, म्हटलं असतं, मेली नेमकी आजच पडायची होती. आणि शिव्या देत देत वळले असते. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला दुसरं काही सुचलंच नसतं, इतकीच अक्कल मला होती.

तर, भाषणानंतर भिंगरी घरी आली ती तरंगतच. मावशी अशी आणि मावशी तशी. माझी वेणी तीच घालते, लहान होती तेव्हापासून, कारण एका हाताने वेणी घालता येत नाही. मी पाठ करून बसले, तिने कंगवा घातला आणि परत सुरू झाली, आई, तू मावशीला हात केलास तेव्हा तुला काय वाटलं? माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. भिंतीवरचं चित्र, आपलं शेडमागचं ठरवणं, हिरवा टाका, कड्या, बाबा, सगळं. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. कंगवा मध्ये एकदा थांबला. मला वाटलं, पोर रडते आहे. मला वाटलं, आता माझ्या गळ्यात पडेल, म्हणेल मी नाही जात त्या बाईकडे, आणि खरं सांगू, मला ते हवं होतं. मनातून फार हवं होतं. मग कंगवा पुन्हा चालू झाला आणि तिने विचारलं, 'पण मग मावशी किती फरकानं पहिली आली?'

मी म्हटलं, बऱ्याच. ती म्हणाली, 'हं.' आणि वेणी घट्ट आवळून घातली, रबर लावलं आणि शीड धुवायला खाली गेली. जाता जाता म्हणाली, 'तुझं वाईट झालं गं आई. पण ती थांबली असती तर दोघींचंही गेलं असतं ना?' आवाजात राग नाही, तुसडेपणा नाही. गणित सोडवून दाखवावं तसं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या न्हावीणबाईकडे जाऊन केस मानेपर्यंत कापून टाकले. आई म्हणाली, शोभत नाही. न शोभू दे, मला माझे विंचरता येतात.

रविवारच्या गाडीने भिंगरी तुझ्याकडे येते आहे. बॅग तिने माझा होकार यायच्या आधीच भरली होती, तेव्हा मी हो म्हटलं की नाही याला तसा अर्थ नाही. हे पत्र मी तुला माफ करायला लिहिलेलं नाही, आणि लाजवायलाही नाही, तू लाजणार असतीस तर एव्हाना लाजली असतीस. लिहायचं कारण वेगळं आहे. तू चाचणीच्या दिवशी पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरत होतीस, गुडघा गेलाय तुझा आणि तू संघात कुणाला कळू देत नाहीस. तरी शिकवायच्या निमित्ताने पोरींबरोबर पाण्यात उतरतेस, हेही मला कळलंय. भिंगरीला शिकव, काठावरून शिकव, बोटीतून शिकव, तिचं सोनं कर. पण तिची जोडी होऊन पाण्यात उतरू नकोस, आणि ओहोटीला तर मुळीच नाही. तू पडलीस तर ती थांबायची नाही. मी तिला जन्म दिला, मी तिला वाढवलं, पण पोर तुझ्यावर गेली आहे. सांभाळून राहा.

तुझीच, दुसऱ्या कुणाची होता आलं नाही म्हणून,
ताई